केकसाठी रडलेली बाई

प्रिय बत्तीशी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरला असशील. आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, फोन दोघांच्याही हाताशी, आणि ही बाई तिकीट चिकटवून पत्र कशाला पाठवते? कुणी गेलंबिलं की काय? कुणी गेलेलं नाही. माझा गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलंय, आणि मी रोज चालेन असं त्यांना दर भेटीत सांगते. लेकीचा प्राण्यांचा दवाखाना जोरात चाललाय. परवा म्हणे एका कासवाला सर्दी झाली होती. तिनं मला फोनवर त्याची शिंक ऐकवली. तुझ्या एखाद्या सिनेमात शोभली असती.

पत्र का लिहितेय ते सांगेनच. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? माझ्या एंट्रीच्या आधी तू दार उघडून ठेवायचास आणि कॅमेरा जरा वेळ नुसता रिकाम्या दारावर ठेवायचास. 'ही बाई येताना दिसली नाही तरी चालेल, येणार आहे एवढ्यावरच लोक हसतात,' म्हणायचास. तसंच समज. दार उघडं आहे, बाई येतेय.

काल आपल्या जुन्या थिएटरात गेले होते. थिएटर कसलं, आता तिथं फर्निचरचं दुकान आहे. पडदा होता तिथं पलंग मांडलेत, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. पहिल्या खेळाला आपण बसलो होतो ती जागा अंदाजानं शोधली आणि तिथल्या सोफ्यावर बसले. विक्रेती धावत आली, 'मावशी, हा तीन रंगांत येतो.' मी म्हटलं, 'बसू दे गं जरा, माझा सिनेमा लागलाय.' बिचारी मागं सरली आणि लांबूनच माझ्यावर नजर ठेवून राहिली.

माझ्या डोळ्यांपुढे खरंच सिनेमा लागला होता. 'विझलेल्या खिडक्या'. तुझा पहिला, आणि माझाही. त्याआधी तू दाताच्या दवाखान्यात मदतनीस होतास. भेदरलेल्या पेशंटला हसवायचं, हसताना त्याचं तोंड उघडलं की डॉक्टरांनी आपलं काम उरकायचं, अशी तुमची जोडी. कॅमेरामननं तुझं नाव बत्तीशी ठेवलं ते त्यावरूनच. आणि एवढा हसवणारा माणूस सिनेमा काढायला निघाला तो कसला, तर पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत रडका! विनोद काय, तो तर मी दवाखान्यात रोजच करतो, सिनेमा म्हणजे काहीतरी भारदस्त हवं, असं तुझं तेव्हाचं मत. मी नाटकांत रडण्याबद्दल प्रसिद्ध होते. ग्लिसरीन लागत नाही, ही माझी ख्याती. तू पहिल्याच भेटीत मला रडूबाई म्हणालास, आणि मी मनातल्या मनात तुझे सगळे दात पाडले.

तो मृत्यूचा प्रसंग. नवऱ्याच्या उशाशी बसून मी जीव तोडून रडतेय, थिएटर चिडीचूप, माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई नाक पुसतायत, आणि चादरीतून बाहेर आलेला मयताचा अंगठा हळूच हलला. शूटिंगमध्ये कुणाला दिसला नव्हता, एडिटिंगमध्ये दिसला नव्हता. मोठ्या पडद्यावर तो अंगठा केवढा दिसला! आधी एक कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं थिएटर. हसून हसून लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. मी पडद्यावर आणखी मोठ्यानं रडतेय, आणि जेवढी रडतेय तेवढे लोक जास्त हसतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून पळणार, तर तू माझी बाही धरलीस आणि म्हणालास, 'थांबा. ऐका नुसतं.' अंधारात तुझा चेहरा दिसत नव्हता, पण मान वर होती. खाली घातलेली नव्हती.

खेळ सुटल्यावर निर्माते आपल्याशी न बोलता गाडीत बसून गेले. तू फाटकाशी उभा राहून बाहेर पडणाऱ्या लोकांकडे बघत होतास. म्हणालास, 'बिचाऱ्यांना मघापासून रडून रडून गुदमरायला झालं होतं. अंगठ्यानं सोडवलं त्यांना.' धक्क्यानं याच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशी माझी खात्री पटली. आठवडाभरात सिनेमा उतरला. मला कुणी काम देईना, कारण मी दिसले की लोकांना अंगठा आठवायचा.

आणि पुढच्या वर्षी तू माझ्या दारात उभा. 'चौथा मजला दाबा'ची संहिता घेऊन. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेली पाच माणसं, त्यांतली एक बाई हातात आइस्क्रीमचा केक घेऊन, आणि तो केक हळूहळू वितळतोय. त्या केकसाठी मी धाय मोकलून रडायचं. मी तुला विचारलं होतं, 'माझी चेष्टा करायला आलात का?' तू पायरीवरच बसलास. म्हणालास, 'त्या दिवशी तुम्ही खोटं रडला असतात, तर कुणी हसलं नसतं. तुम्ही खरं रडलात. विनोदाला खरं माणूसच लागतं, बाई.' मला ते पटलं नव्हतं. पण घरात बसून कंटाळले होते, म्हणून हो म्हटलं.

आता एक गोष्ट लिहिते, जी आपण कधीच बोललो नाही. त्या केकच्या प्रसंगाच्या आदल्या आठवड्यात माझा नवरा घर सोडून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. बॅग भरली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. सेटवर वेळेवर यायचे, मेकअप करून घ्यायचे, लेकीला कपड्यांच्या पेटाऱ्यांपाशी वहिनींजवळ बसवायचे. तुझी बायको त्या सिनेमाचे कपडे सांभाळत होती म्हणून, नाहीतर लेकीला कुठे ठेवलं असतं कोण जाणे. तर तो प्रसंग. लिफ्टचा सेट लाकडाचा, एक बाजू उघडी. दिव्यांच्या उष्णतेनं केक सांगितल्याबरोबर वितळायला लागला. मी तुला म्हटलं, 'एवढ्याशा केकसाठी मला रडू येत नाहीये.' तू कॅमेऱ्यापासून उठून जवळ आलास आणि हळूच म्हणालास, 'केकसाठी नका रडू. ज्याच्यासाठी रडायचंय त्याच्यासाठी रडा. केक मी सांभाळतो.'

मग मी रडले. देवाशपथ, आयुष्यात तशी पुन्हा रडले नाही. 'इतका जपून आणला होता हो मी, जराही धक्का लागू दिला नव्हता,' हे तुझंच वाक्य, पण बोलताना माझ्यापुढे केक नव्हता. आणि सगळं युनिट हसत होतं. दिवेवाले तोंडात रुमाल कोंबून, कॅमेरामन दात आवळून. तू कट म्हणालास तेव्हा टाळ्या पडल्या. एकटा तू हसत नव्हतास. तू पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिलास आणि मोठ्यानं जाहीर केलंस की लिफ्टचा दिवा गेलाय, आजचं काम बंद. दिवा गेलेला नव्हता. मी तिथंच उभी होते, मला लख्ख दिसत होता.

तो प्रसंग गाजला. केकवाली बाई म्हणून लोक मला रस्त्यात ओळखायला लागले. भाजीवाली म्हणायची, 'बाई, टोमॅटो नीट न्या हं, वितळतील.' मी घरी जाऊन त्यावर हसायचे, आणि हसता हसता माझ्या लक्षात यायचं की माझ्या घरात कुणीतरी हसतंय. नवरा गेल्यावर, आणि पुढे रीतसर घटस्फोट झाल्यावरही, नातेवाइकांनी खूप सांत्वन केलं. कुणी कीव केली, कुणी उपदेश केला. माझ्या दुःखाचं काहीतरी चांगलं करून दाखवणारा एकटा तूच. थिएटरात हजार माणसं त्याच्यावर पोट धरून हसली आणि हलकी होऊन घरी गेली. यापरतं काय करायचं असतं माणसानं दुःखाचं? हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं.

मग आपली गाडी सुटलीच. 'सासऱ्याची विजार' आठवतो? मुलाखतीच्या दिवशी नवऱ्याची एकुलती एक चांगली विजार फाटते आणि त्याला सासऱ्याची ढगळ विजार घालून जावं लागतं. साडेतीन महिने आपण एका विजारीवर काढले! तेव्हाच तू ठरवलंस की पडलेल्या माणसावर सिनेमा हसणार नाही. तो उठून कपडे झटकतो आणि काही झालंच नाही असं दाखवतो, तिथं हसू यायला हवं. नवीन नटांना तू हे सांगायला लागलास की वहिनी मागून म्हणायच्या, 'आता चहा ठेवा, भाषण लांबणार.' संहिता वाचतानाही त्यांची तीच कसोटी होती. पानं उलटता उलटता मध्येच म्हणायच्या, 'इथं मी चहा ठेवायला उठेन.' एवढंच. तू थयथयाट करायचास, इथंच तर खरी गंमत आहे म्हणायचास, आणि दुसऱ्या दिवशी ते पान गायब असायचं.

वहिनींनी 'मुका पोपट'च्या वेळी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'पोपटाचा भरवसा नाही.' तू ऐकलं नाहीस. मुक्या पोपटावर सिनेमा, आणि तो पोपट सेटवर आठ दिवसांत 'कट' म्हणायला शिकला. तोही हुबेहूब तुझ्या आवाजात! शॉट रंगात आला की पोपट ओरडायचा, 'कट!' दिवे बंद, कॅमेरा बंद, नट चहाला. तू ओरडायचास, 'मी नाही म्हणालो!' आणि पोपट पुन्हा म्हणायचा, 'कट!' त्या पोपटानं जेवढे शॉट कापले तेवढे एडिटरनं कापले नसतील. मीही त्याच गोंधळात पहिल्यांदा तुला 'अरे' म्हटलं. 'अरे, त्याला काळ्या कापडानं झाक!' असं किंचाळले.  आणि तू म्हणालास, 'चला, एका पोपटामुळे अहो गेलं.' सिनेमा सपशेल आपटला. पण त्या पडझडीत मला एक मित्र मिळाला, तो आजतागायत टिकलाय.

तुला मोठं बक्षीस कधी मिळालं नाही. 'डोकं घरी ठेवून पाहावा असा सिनेमा', हे एकाच समीक्षकानं तुझ्या लागोपाठच्या सिनेमांबद्दल लिहिलं. तू म्हणायचास, 'लोक डोकं घरी ठेवून येत नाहीत, ओझं घरी ठेवून येतात. ते त्याला कळत नाही, कारण त्याला फुकटचा पास असतो.' बक्षिसांच्या समारंभांना आपण नटूनथटून जायचो, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचो आणि येताना गाडीत तू त्या गंभीर दिग्दर्शकांची भाषणं करून दाखवायचास. वहिनी मागच्या सीटवर हसून हसून आडव्या व्हायच्या. मला वाटतं, तुझं खरं बक्षीस त्या मागच्या सीटवर बसलेलं होतं.

आणि मग ती सीट रिकामी झाली. वहिनींच्या आजारपणात तू शूटिंग थांबवणार होतास, तर त्यांनी तुला इस्पितळातून हाकलून सेटवर पाठवलं. मी त्यांच्याजवळ बसायचे. एकदा त्यांनी माझा हात धरून सांगितलं, 'त्याला एकटा सोडू नकोस. एकटा राहिला की हा गंभीर सिनेमा काढेल.' आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स रागवायला आली. त्यानंतर त्यांना फार बोलता आलं नाही.

त्या गेल्यावर तू गंभीर सिनेमासुद्धा काढला नाहीस. काहीच केलं नाहीस. किती वर्षं गेली तशी. मी यायचे तेव्हा तू खिडकीपाशी बसलेला असायचास, नीट दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. बोलायचास, विचारपूस करायचास, चहासुद्धा करायचास. फक्त हसवायचा नाहीस. नवीन लोक संहिता घेऊन यायचे, तू 'छान आहे' म्हणून परत द्यायचास. तू कुणाच्या संहितेला छान म्हणालास की मला धडकी भरायची. समजावणं, रागावणं, सगळं करून झालं. शेवटी मी एक सिनेमा लिहिला.

बत्तीशी, त्यापेक्षा भिकार संहिता जगात लिहिली गेली नसेल. मी मुद्दाम मेहनत घेतली होती. लेकीचं लग्न करून दिल्यावर जावई पसंत नाही म्हणून सासू त्याला परत करायला निघते, एवढीच गोष्ट. पहिल्याच पानावर तीन माणसं केळ्याच्या सालीवरून घसरत होती, जावई तोतरा होता आणि सासू लाटणं घेऊन धावत होती. तुला ज्या ज्या गोष्टींचा तिटकारा, त्या सगळ्या शोधून शोधून घातल्या. तुझ्या हातात दिली आणि चेहरा गंभीर ठेवून म्हटलं, 'मीच दिग्दर्शन करणार आहे. तू फक्त वाच.' तू पहिलं पान वाचलंस. दुसरं उलटलंस. तुझा कान लाल व्हायला लागला. तिसऱ्या पानावर तू खिशाकडे हात नेलास आणि पेन्सिल मागितलीस. 'सासू धावेल कशाला? सासू दुकानात माल परत करायला जाते तशी शांतपणे जाईल. पावती घेऊन. अगं, ती बरोबर आहे असंच तिला वाटलं पाहिजे!' दिवे लागायच्या वेळेला तू अजून खोडतच होतास. मी उठून चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात तोंडावर पदर दाबून रडले. मी निघताना तू म्हणालास, 'रडूबाई, इतकं वाईट लिहायला अक्कल लागते.' म्हणजे तुला कळलं होतं. आणि कळूनही तू पेन्सिल खाली ठेवली नव्हतीस.

'दिलेला जावई परत घेतला जाणार नाही'ला लोक आले. तरुण मुलं आली, आपल्या वयाची माणसं काठ्या टेकत आली. परवा आपल्या आताच्या सिनेमाच्या सेटवर एका नव्या नटीनं मला विचारलं, 'सर इतके शांत असतात, मग विनोद सुचतो कधी?' मी तिला काय सांगणार? म्हटलं, 'त्यांना सुचत नाही, दिसतो. तू फक्त खरी राहा.' माझ्या तोंडून तूच बोलत होतास.

तर आता मुद्दा. गेल्या रविवारी तू माझ्याकडे आलास. आपण कप विसळत होतो. तू फडक्यानं बशी पुसता पुसता म्हणालास, 'दोन घरांत दोन किटल्या कशाला तापवायच्या? लग्न करूया का आपण?' आणि मी हसले. बेसिनला धरून हसले, हातातला कप सुटला. तूही हसलास, 'जमला ना?' म्हणालास, आणि बशी अर्धवट पुसून निघून गेलास. संध्याकाळी मी लेकीला फोनवर ती गंमत सांगितली. पलीकडून हसण्याचा आवाजच आला नाही. मग ती म्हणाली, 'आई, काका स्वतःच्या विनोदावर कधी हसतात का गं?' मी फोन ठेवला. जन्मभर लोकांना हसवलेल्या माणसाला एकदा खरं बोलायचं असेल, तर त्यानं बोलायचं तरी कसं? तू समोर आलास की काहीतरी बोलून सावरून घेशील आणि मी पुन्हा हसेन, म्हणून हा कागद. वहिनींची जागा मला नको. ती त्यांचीच राहील, मी माझी खुर्ची घेऊन येईन. लोक हसतील म्हणशील, तर हसू देत. आपल्याला दुसरं काय हवं होतं आजवर? हे वाचून झालं की घरी ये आणि तो प्रश्न पुन्हा विचार, बशी न पुसता, माझ्याकडे बघून. आणि विचारताना घाबरू नकोस. उत्तर आधीच लिहून ठेवतेय: हो.

तुझीच,
रडूबाई